कपॅसिटरच्या कडेला काय होतं?

पॅरलल प्लेट कपॅसिटर हा काय लेख लिहिण्याचा विषय आहे का, असं तुम्ही म्हणाल. बारावीला सूत्र पाठ केलं, फर्स्ट इयरला पुन्हा लिहिलं, ओरलला धडाधडा सांगितलं आणि विसरून गेलो. मीही तेच केलं होतं. पण २०२४ च्या दिवाळीत गावी गेलो आणि हा विसरलेला कपॅसिटर आमच्याच सोयाबीनच्या कट्ट्यातून बाहेर निघाला. त्याची ही गोष्ट.

माझं गाव जांब समर्थ, जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं. समर्थ रामदासांचं जन्मस्थान म्हणून गावाचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पण गावाचं पोट चालतं ते कापूस, सोयाबीन आणि मोसंबीवर. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि सरकारी खरेदीला ओलाव्याची, म्हणजे मॉइश्चरची मर्यादा १२ टक्के. आण्णांनी गावातल्या एका दुकानात माल मीटरवर तपासून घेतला. मीटर म्हणालं ११.६. आण्णा खुशीत. गाडी भरली, खरेदी केंद्रावर नेली. तिथलं मीटर म्हणालं १३.१. माल परत! गाडीभाडं अंगावर पडलं, दिवस वाया गेला, आणि रात्री जेवताना आण्णा मला म्हणाले, "तू इंजनेरीला हाईस ना? मग सांग, खरं मशीन कंचं?"

मला काही सांगता येईना. तीन वर्षं फी भरून शिकतोय आणि बापाच्या एका साध्या प्रश्नाला उत्तर नाही! होस्टेलला परत आल्यावर पहिली गोष्ट ही शोधली, की ते मॉइश्चर मीटर चालतं कसं. कळलं की धान्याच्या ओलाव्याची बरीचशी मीटरं म्हणजे दुसरं तिसरं काही नसून एक कपॅसिटर आहे. दोन प्लेटा किंवा एकात एक बसवलेल्या दोन वाट्या, आणि मधल्या जागेत आपलं धान्य. धान्य हाच डायइलेक्ट्रिक. पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ८० च्या आसपास, कोरड्या दाण्याचा त्या मानाने अगदीच थोडा. म्हणून दाण्यात पाणी वाढलं की कपॅसिटन्स वाढतो. मीटर मोजतं कपॅसिटन्स आणि आतल्या तक्त्याने त्याचे टक्के करून दाखवतं. म्हणजे आण्णांचा माल परत पाठवला तो एका कपॅसिटरने. मग त्याच्याशी नीट ओळख करून घेणं भाग होतं.

सूत्र काय म्हणतं आणि काय म्हणत नाही

सूत्र सगळ्यांना येतं: कपॅसिटन्स म्हणजे एप्सिलॉन गुणिले प्लेटचं क्षेत्रफळ भागिले दोन प्लेटांमधलं अंतर. हवेसाठी (खरं तर निर्वातासाठी) एप्सिलॉन म्हणजे मीटरला ८.८५४ पिकोफॅरड.

या सूत्राच्या पोटात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. विद्युत क्षेत्राच्या रेषा एका प्लेटमधून निघतात, सरळ दुसऱ्या प्लेटवर जातात, आणि प्लेट जिथे संपते तिथे क्षेत्रही एकदम संपतं. पुस्तकातल्या आकृतीत तसंच दाखवलेलं असतं. प्रत्यक्षात क्षेत्र असं कापून ठेवल्यासारखं थांबत नाही. कडेजवळ रेषा बाहेर फुगतात आणि काही तर प्लेटच्या पाठीमागून वळसा घालून पलीकडे जातात. याला फ्रिंजिंग म्हणतात. या बाहेरच्या रेषांचाही चार्ज असतोच, म्हणून खरा कपॅसिटन्स सूत्रापेक्षा नेहमी जास्तच येतो. प्रश्न एवढाच, की किती जास्त?

मी आणि माझ्या रूम पार्टनरने कार्डबोर्डच्या १० सेंटिमीटर व्यासाच्या दोन गोल चकत्या कापल्या, त्यांना अॅल्युमिनियमची फॉइल चिकटवली आणि मध्ये १ सेंटिमीटर अंतर ठेवलं. सूत्राने उत्तर येतं ६.९५ पिकोफॅरड. लॅबच्या एलसीआर मीटरवर, वायरींचा कपॅसिटन्स वजा करून, आलं साडेनऊच्या आसपास. तीनदा मोजलं, तेच. पार्टनर म्हणाला, "यार, जर्नलमध्ये सातच लिही. साडेनऊ लिहिलंस तर रिपीट करायला लावतील."

खरं सांगतो, आपण सगळे हेच करतो. आधी थिअरीचं उत्तर बघतो, मग त्याच्या आसपासचं रीडिंग 'काढतो'. मीसुद्धा दोन वर्षं तेच केलं. पण या वेळी डोक्यात सोयाबीन होतं. आपण रीडिंग असं दाबून लिहितो, मग खरेदी केंद्रावरच्या माणसाने मीटरवर आंधळा विश्वास ठेवला तर त्याला नावं कशी ठेवायची? ठरवलं की साडेनऊच लिहायचं आणि ते का आलं ते शोधून काढायचं.

वर्कशीटमध्ये कपॅसिटर

शोधायचा मार्ग म्हणजे सिम्युलेशन. नाव मोठं आहे, पण याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. साधी स्प्रेडशीट पुरते.

तत्त्व असं. जिथे चार्ज नाही अशा जागेत प्रत्येक बिंदूचं पोटेन्शियल हे त्याच्या आजूबाजूच्या बिंदूंच्या सरासरीइतकं असतं. लाप्लासचं समीकरण साध्या मराठीत एवढंच सांगतं. म्हणून जागेवर चौकटींची जाळी टाकायची आणि प्रत्येक सेलमध्ये लिहायचं: वरचा, खालचा, डावा, उजवा, यांची बेरीज भागिले चार. जिथे प्लेट आहे तिथल्या सेलमध्ये व्होल्टेज पक्कं लिहायचं. मग स्प्रेडशीटला इटरेशन चालू करायला सांगायचं आणि चहा प्यायला जायचं.

आपल्या प्लेटा गोल आहेत, म्हणून थोडी सुधारणा लागते. कॉलम म्हणजे मध्यापासूनचं अंतर. मध्यापासून दहाव्या कॉलमात असाल तर बाहेरच्या शेजाऱ्याला १ अधिक १ भागिले २० इतकं वजन आणि आतल्या शेजाऱ्याला १ वजा १ भागिले २० इतकं. बाहेरचं कडं मोठं असतं, म्हणून त्याचा हिशेबही जास्त. अगदी मध्यावरच्या सेलसाठी बाजूच्या शेजाऱ्याची चौपट, अधिक वरचा, अधिक खालचा, आणि सगळ्याला सहाने भागायचं.

दोन प्लेटांना अधिक अर्धा आणि वजा अर्धा व्होल्ट दिला, तर बरोबर मधल्या पातळीवर शून्य येतं. त्यामुळे फक्त वरची अर्धी बाजू सोडवली तरी चालतं. १ मिलिमीटरची जाळी घेतली तर प्लेट ५० सेल लांब, मधल्या शून्याच्या ओळीपासून ५ सेल वर, आणि सगळी शीट १५० बाय १५०. म्हणजे साडेबावीस हजार सेल. लॅपटॉपला हे काहीच नाही.

शेवटी प्लेटवरचा चार्ज मोजायचा. प्लेटच्या प्रत्येक सेलमधून वरच्या, खालच्या आणि कडेला बाहेरच्या शेजाऱ्याशी असलेला पोटेन्शियलचा फरक घ्यायचा, त्याला जाळीच्या मापाने भागायचं, त्या त्या कड्याच्या क्षेत्रफळाने आणि एप्सिलॉनने गुणायचं, आणि बेरीज करायची. दोन प्लेटांमध्ये एकूण एक व्होल्ट आहे, म्हणून चार्ज हाच कपॅसिटन्स.

आम्ही तीनदा कसे फसलो

पहिल्यांदा फसलो ते इटरेशनमध्ये. स्प्रेडशीटची मूळ सेटिंग असते १०० इटरेशन, किंवा बदल ०.००१ पेक्षा कमी झाला की थांब. आमची शीट थांबली, आम्हाला वाटलं झालं. उत्तर भलतंच जास्त आलेलं. सहज एफ-नाईन दाबलं तर ते थोडं उतरलं. पुन्हा दाबलं, आणखी उतरलं! शीट थांबली याचा अर्थ उत्तर सापडलं असा होत नाही, ती फक्त दमली. सुरुवातीला सगळे सेल शून्य असतात. प्लेटपासून दूरच्या सेलपर्यंत बातमी एका फेरीत हळूहळूच पोचते. जाळी दुप्पट बारीक केली तर फेऱ्या साधारण चौपट लागतात. म्हणून बदलाची मर्यादा ०.००१ वरून पार खाली आणायची आणि हजारो फेऱ्या होऊ द्यायच्या.

दुसऱ्यांदा फसलो ते शीटच्या कडेला. खरी जागा अमर्याद आहे, शीट मात्र कुठेतरी संपते. आम्ही शेवटच्या ओळीत शून्य लिहिलं होतं. याचा अर्थ आमचा कपॅसिटर एका अर्थ केलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवला! डबा जवळ असेल तर काही रेषा त्याच्यावर जातात आणि उत्तर जास्त येतं. इथे एक छान युक्ती आहे. एकदा कडेला शून्य लिहून सोडवा. दुसऱ्यांदा कडेच्या सेलला आतल्या शेजाऱ्याइतकंच पोटेन्शियल द्या, म्हणजे रेषा बाहेर जाऊच शकत नाहीत. पहिलं उत्तर अमर्याद जागेच्या उत्तरापेक्षा जास्त, दुसरं कमी. बरोबर उत्तर दोघांच्या मध्ये. दोन्ही जवळ आली की समजायचं शीट पुरेशी मोठी आहे. नाही आली तर शीट वाढवायची.

तिसऱ्यांदा फसलो ते जाळीच्या जाडीत. प्लेटच्या अगदी कडेला क्षेत्र फार झपाट्याने बदलतं आणि १ मिलिमीटरच्या सेलला ते नीट पकडता येत नाही. मग अर्ध्या मिलिमीटरची जाळी घ्यायची, उत्तर किती हललं ते बघायचं, पुन्हा अर्धी करायची. उत्तर हलायचं थांबेपर्यंत त्यावर विश्वास ठेवायचा नाही. बारीक जाळीला स्प्रेडशीट अपुरी पडली म्हणून पुढचं काम पायथनमध्ये केलं. वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्राम होतो.

किरचॉफ इथेही भेटतो

आपलं उत्तर बरोबर की चूक हे ताडून बघायला काहीतरी हवं. ते १८७७ मध्येच करून ठेवलंय गुस्ताव किरचॉफने. होय, तोच, केव्हीएल आणि केसीएलवाला! गोल प्लेटांसाठी तो सांगतो, की साध्या सूत्राच्या उत्तराला एका कंसाने गुणा. त्या कंसात एक, अधिक एक जास्तीचा भाग असतो. हा भाग असा काढायचा: अंतर भागिले (पाय गुणिले त्रिज्या) घ्या. त्याला (१६ गुणिले पाय गुणिले त्रिज्या भागिले अंतर) याचा नॅचरल लॉग वजा १, याने गुणा.

आमच्या १० सेंटिमीटर व्यासाच्या प्लेटांसाठी हिशेब असा येतो:

अंतर १ मिमी: साधं सूत्र ६९.५, किरचॉफ ७२.६ पिकोफॅरड. फरक ४ टक्के.
अंतर २ मिमी: साधं सूत्र ३४.८, किरचॉफ ३७.५. फरक ८ टक्के.
अंतर ५ मिमी: साधं सूत्र १३.९, किरचॉफ १६.२. फरक १७ टक्के.
अंतर १० मिमी: साधं सूत्र ६.९५, किरचॉफ ९.०. फरक २९ टक्के.

किरचॉफचं सूत्रही अंतर त्रिज्येच्या मानाने लहान असेल तेव्हासाठीच आहे. १० मिलिमीटरला तेही थोडं कमी पडतं आणि नीट केलेलं सिम्युलेशन ९.२ च्या जवळ येतं. म्हणजे आमचं साडेनऊचं रीडिंग वेड्यासारखं नव्हतंच! राहिलेला थोडा फरक मागचा कार्डबोर्ड, मधले टेकू आणि टेबल यांचा. जर्नलमध्ये आम्ही साडेनऊ लिहिलं, खाली कारण लिहिलं आणि शीटची प्रिंट जोडली. मॅडमनी दहा मिनिटं उलटसुलट प्रश्न विचारले आणि सही केली. रिपीट काही करावं लागलं नाही.

यात एक गमतीची चाचणीही आहे. मीटर लावलेला असताना प्लेटांच्या कडेजवळ नुसता हात न्या, स्पर्श करू नका. रीडिंग हलतं. सूत्राप्रमाणे बाहेर काहीच नाही, मग हाताला कोण भेटलं? त्या बाहेर सांडलेल्या रेषा. यावर जुना उपाय म्हणजे गार्ड रिंग. लॉर्ड केल्विनने एकोणिसाव्या शतकातच तो आपल्या इलेक्ट्रोमीटरमध्ये वापरला. मधल्या प्लेटभोवती थोडी फट ठेवून त्याच व्होल्टेजचं एक कडं बसवायचं आणि चार्ज फक्त मधल्या प्लेटचा मोजायचा. वाकड्या रेषा कड्याच्या वाट्याला जातात, मधल्या प्लेटला सरळ रेषा मिळतात आणि साधं सूत्र खरं ठरतं.

आता सोयाबीन

हे सगळं झाल्यावर आण्णांच्या प्रश्नाकडे वळलो. सिम्युलेशनमध्ये मध्ये हवेऐवजी दाणे घालायचे. समजा दाण्यांचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ४ आहे (हा आकडा फक्त समजण्यापुरता). जागा पूर्ण भरली आणि कडेचा भाग सोडला, तर कपॅसिटन्स हवेच्या चौपट.

आता समजा जागा पूर्ण भरली नाही, १० टक्के हवा राहिली. किती फरक पडेल? पटकन वाटतं, १० टक्क्यांच्या आत. हिशेब बघा. हवा सगळ्यात वर एका थरात राहिली, तर दोन कपॅसिटर सिरीजमध्ये आले: ०.९ भागिले ४ अधिक ०.१ भागिले १, म्हणजे ०.३२५, आणि त्याचा व्यस्त ३.०८. चौपटीवरून थेट तिपटीवर! तीच १० टक्के हवा एका बाजूला उभ्या पट्ट्यात राहिली, तर दोन कपॅसिटर पॅरललमध्ये: ०.९ गुणिले ४ अधिक ०.१, म्हणजे ३.७. दाणे तेच, हवा तेवढीच, फक्त हवा कुठे बसली त्यावरून उत्तर ३.०८ ते ३.७ कुठेही येऊ शकतं. दाण्यांच्या फटीत विखुरलेली हवा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी पडते.

मीटरला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त कपॅसिटन्स दिसतो. कपॅसिटन्स कमी आला की ते समजतं माल कोरडा आहे. वरून हळूच ओतलेलं धान्य पोकळ बसतं आणि कोरडं भासतं. तेच ठोकून, हलवून भरलं की दाट बसतं आणि ओलं भासतं. धान्य गरम असेल तर त्याचाही फरक पडतो. म्हणूनच चांगल्या मीटरबरोबर ठरावीक वजनाचा नमुना, ठरावीक उंचीवरून ओतणं आणि तापमानाची दुरुस्ती हे सगळं येतं. त्याशिवाय कट्ट्याच्या वरचा मूठभर माल आणि तळाचा माल यांच्या ओलाव्यातच फरक असतो, ते वेगळंच.

मग खरं मशीन कुठलं? ओलाव्याच्या बाबतीत शेवटचा शब्द मीटरचा नसतो, भट्टीचा आणि तराजूचा असतो. नमुना तोलायचा, ओव्हनमध्ये ठरावीक वेळ वाळवायचा, पुन्हा तोलायचा. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. मीटरची तक्तेसुद्धा अशाच पद्धतीवरून बसवतात. मीटर हे त्या कामाची सोय आहे. सोय म्हणून चांगलं आहे, पण कोर्टाचा निकाल म्हणून नाही.

आणखी एक हिशेब करून आण्णांना फोनवर सांगितला. १४ टक्के ओलावा असलेल्या एका क्विंटलमध्ये कोरडा माल ८६ किलो. तोच १२ टक्क्यांवर वाळवला तर वजन होतं ८६ भागिले ०.८८, म्हणजे ९७.७ किलो. घट सव्वादोन किलोच्या आसपास, ४,८९२ च्या भावाने साधारण ११० रुपये. पाण्याचे पैसे कापले तर तक्रार नाही. पण दीड टक्क्याच्या फरकासाठी अख्खी गाडी परत पाठवायची असेल, तर तो दीड टक्का पाण्याचा आहे की भरण्याच्या पद्धतीचा, हे विचारायचा हक्क शेतकऱ्याला आहे. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती सोयाबीनची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली आणि आमचा माल गेला. पण मर्यादा १२ असो की १५, त्या रेषेजवळचा प्रत्येक माल मीटर कसं भरलं यावर अडकतो किंवा सुटतो.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी दोन्ही मशीनं खरी आन् दोन्ही खोटी?" मी म्हटलं, तसंच काहीसं. आता ते तीन वेगवेगळ्या जागचा माल एकत्र करतात, सावलीत गार होऊ देतात, मीटर तीनदा भरायला लावतात आणि तिन्ही आकडे वहीत लिहितात. केंद्रावरही तेच करायला सांगतात. तिथला माणूस आधी वैतागला, मग त्यालाही तीन आकडे तीन आलेले दिसले. आता तोही सरासरी घेतो म्हणे.

तुम्हाला करून बघायचं असेल तर

स्प्रेडशीटने सुरुवात करा, कारण तिच्यात प्रत्येक सेल डोळ्यांसमोर असतो. पुढे जायचं तर एफईएमएम नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात गोल आकाराचे प्रश्न आयते सोडवता येतात. चौकोनी प्लेटा किंवा तीन मितींचा आकार असेल तर एमआयटीमध्ये तयार झालेला फास्टकॅप. सायलॅब किंवा पायथन शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतूनही आहेत. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या ज्युनिअर्सनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

फक्त एक करा. सॉफ्टवेअरने रंगीत चित्र दाखवलं म्हणून लगेच रिपोर्टला चिकटवू नका. जाळी बारीक करून बघा, कड दूर नेऊन बघा, माहीत असलेल्या उत्तराशी ताडून बघा. आणि मीटरचं रीडिंग सूत्राशी जुळलं नाही तर आधी रीडिंग खोडू नका. आधी विचारा, सूत्राने काय सोडून दिलंय? आमच्या बाबतीत सूत्राने कड सोडली होती आणि मॉइश्चर मीटरने मधली हवा.

सबमिशनच्या रात्री हे आठवलं तरी पुरे.

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स